कुकरमध्ये चिकन रामेन: सूप नितळ राहायला हवं, कसं करू?

वर्तकनगर_आई (ठाणे)

लेकीची जपानी भाषेची परीक्षा जुलैच्या पहिल्या रविवारी आहे. कॉलेज सांभाळून ती वर्षभर पहाटे उठून कांजी (जपानी चित्रलिपीची अक्षरं) गिरवते आहे, वह्यांवर वह्या भरल्यात. परीक्षा देऊन दमून घरी येईल तेव्हा तिच्यापुढे गरमागरम रामेन, म्हणजे सूपातल्या जपानी नूडल्सचा वाडगा, ठेवायचा, असं मी मनाशी ठरवलंय. तिने मागितलेला नाही, तिला यातलं काही ठाऊकही नाही.

आम्ही दोघींनी मुंबईत एका ठिकाणी चिकनचा शोयू (सोया सॉसचा) रामेन खाल्ला होता. सूप सोनेरी-तपकिरी, वर तेलाचे बारीक थेंब, आणि इतकं नितळ की खालच्या नूडल्स स्पष्ट दिसत होत्या. चव मात्र भरभक्कम. ओठांना किंचित चिकटपणा जाणवत होता. आपण आजारी माणसाला करून देतो ते चिकन सूप आणि हे, यांत कोंबडी सोडली तर काहीच सारखं नव्हतं.

कृती शोधायला गेले तर कुणी सांगतं सूप १२ तास उकळवा, कुणी १८. घरी पाइपचा गॅस आहे, पण तो दिवसभर चालू ठेवून मी कामावर जाऊ शकत नाही, आणि रात्रभर शेगडी पेटती ठेवून झोप लागणार नाही. माझ्याकडे ५ लिटरचा साधा कुकर आहे, तोच वापरायचा आहे. किती शिट्ट्या? कोंबडीचा कुठला भाग? नूडल्स कुठल्या? सोया सॉस कधी घालायचा? खाणारी माणसं चार. सासूबाई चिकन खातात, पण उग्र वास आला तर ताट बाजूला सारतात.

लगेच श्रावण येतो आणि आमच्याकडे तो पाळतात, त्यामुळे पुढे ढकलायची सोय नाही. ज्यांनी खरंच घरी केलंय त्यांनी सांगा.

कळवेकर

ताई, आम्ही पाया करतो त्याच पद्धतीने मी चिकनच्या हाडांचं सूप काढतो. हाडं, आलं, लसूण, मिरी, मीठ कुकरला लावायचं, मोठ्या आचेवर दहा-बारा शिट्ट्या काढायच्या. मग झाकण उघडून आणखी वीस मिनिटं रटरटू द्यायचं. पांढरंशुभ्र, घट्ट सूप होतं आणि थंड झाल्यावर त्याची वडी पडते. पावसात याच्यासारखं दुसरं काही नाही. यातच नूडल्स सोडा आणि वरून सोया सॉस. घरातली मुलं वाडगा चाटूनपुसून खातात.

इंजिनरूम (सीवूड्स, नवी मुंबई)

ताई, माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. वाफेशी रोजचा व्यवहार होता, त्यामुळे आधी वाफेचं सांगतो आणि मग कोंबडीचं. वाफ समजली की शिट्ट्यांचा प्रश्न उरणार नाही.

आपण समुद्रसपाटीला राहतो. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, आच कितीही वाढवा, त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्तीचा दाब तयार होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. हाडांच्या सांध्यांत, कातडीत आणि पंज्यांत कोलॅजेन असतं, त्याचं जिलेटिन व्हायला उघड्यावर कित्येक तास लागतात. कुकरमध्ये तासाभरात काम होतं. तुम्हाला ओठांवर जाणवलेला चिकटपणा हे जिलेटिनच.

आता नितळपणा. दाबाखालचं १२० अंशांचं पाणी जवळजवळ शांत असतं. शिट्टी उचलली जाते तेव्हा दाब एका क्षणात उतरतो आणि आतलं सगळं पाणी तळापासून खवळतं. त्या खळबळीत चरबी फुटून तिचे अतिसूक्ष्म थेंब होतात, जिलेटिन त्या थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही आणि सूप दुधाळ होतं. दर शिट्टीला हेच घडतं. म्हणून कळवेकरांचं सूप पांढरं होतं, आणि ते अगदी बरोबर करतायत. जपानमध्ये त्या दाट पांढऱ्या चिकन सूपला तोरी पाइतान म्हणतात, त्याची स्वतंत्र दुकानं आहेत, ती शाळाच निराळी. तुम्ही खाल्लं ते चिंतान, म्हणजे नितळ सूप. त्याला शिट्टी चालत नाही. मिनिटं मोजायची, तीही मंद आचेवर.

योकोहामाला जहाज लागलं की मी आणि आमचा थर्ड इंजिनियर जेट्टीवरून थेट चायनाटाउन गाठायचो. हे बंदर १८५९ साली परदेशी व्यापाराला खुलं झालं, चिनी माणसं येऊन वसली आणि त्यांच्या नूडल्सपासून पुढे रामेन घडत गेला. तोक्योच्या असाकुसात १९१० साली राइराइकेन नावाचं दुकान निघालं, तिथले आचारीही योकोहामाच्या चायनाटाउनमधून आणलेले होते. तोक्योकडचा जुना प्रकार म्हणजे हेच, कोंबडीचं नितळ सूप आणि सोया सॉस. मुद्दाम सांगतो, कारण लोक रामेन म्हटलं की जपानमधल्या हाकाताचं डुकराच्या हाडांचं पांढरं सूप डोळ्यांपुढे आणतात आणि घरी चिकनचं केलेलं म्हणजे दुय्यम समजतात. तुम्ही निवडलेला प्रकार अस्सल आहे.

खरेदी. रविवारी सकाळी चिकनवाल्याकडे गर्दी असते, तेव्हा काही मागितलं तर मिळत नाही. शुक्रवारी सांगून ठेवा. बोनलेस काढल्यावर उरलेले सांगाडे आणि माना मिळून १ किलो, आणि साफ केलेले पंजे आठ-दहा. पंज्यांवरची पिवळी साल आणि नखं काढलेली असली पाहिजेत. नसतील तर घरी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, साल मोज्यासारखी निघते. शिवाय सालासकट दोन अख्ख्या तंगड्या आणि वेगळी मूठभर कातडी. आपल्याकडे सगळे स्किनलेस घेतात, कातडी टाकूनच दिली जाते, त्यामुळे तीही आधी सांगून ठेवायला हवी. अंडी देऊन थकलेली लेयर कोंबडी मिळाली तर सांगाड्यांऐवजी तीच घ्या. मांस चिवट असतं, पण सूपची चव वेगळीच.

सासूबाईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं काम इथे आहे. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेले लाल-काळे मऊ तुकडे असतात, फुप्फुस आणि मूत्रपिंडाचे. ते बोटाने खरवडून काढा. मग हाडं आणि पंजे थंड पाण्यात घालून मोठ्या आचेवर उकळी आणा. राखाडी फेस येईल. पाच मिनिटं उकळून ते सगळं पाणी ओतून द्या आणि एकेक हाड नळाखाली चोळून धुवा. कोंबडीचा जो उग्र वास म्हणतात तो बराचसा रक्ताचा असतो, तो या पाण्याबरोबर जातो. ही पायरी कुणी वगळा म्हणालं तर ऐकू नका.

धुतलेली हाडं कुकरमध्ये घाला आणि त्यावर पावणेदोन लिटर पाणी. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरता कामा नये, ५ लिटरमध्ये एवढं बसतं. मीठ नाही, हळद नाही, कांदा नाही. आधी झाकण न लावता उकळी येऊ द्या, उरलासुरला फेस झाऱ्याने काढा, मग झाकण लावा. दाब भरत आला की शिट्टी थरथरायला लागते. ती वाजायच्या आत कुकर सगळ्यात लहान बर्नरवर हलवा आणि आच अगदी बारीक करा. पहिली शिट्टी झालीच तर होऊ दे, पुढची होता कामा नये. कान तिकडे ठेवा, वाफेचा बारीक सुस्कारा ऐकू येत राहिला म्हणजे दाब टिकून आहे. असा एक तास. मग गॅस बंद.

आणि आता कुकरला हात लावायचा नाही. शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही, झाकणावर पाणी ओतायचं नाही. तासभर जपलेलं सूप या एका घाईत ढवळून निघतं. अर्धा-पाऊण तास जाईल, दाब आपोआप उतरेल, झाकण सहज निघेल तेव्हाच काढा.

आलं, लसूण आणि पातीच्या कांद्याचा हिरवा भाग या वेळी घाला. १२० अंशांवर तासभर शिजले तर त्यांचा ताजा वास उरत नाही, नुसता शिळा गोडसरपणा येतो. तंगड्याही आताच सोडा. झाकण न ठेवता अर्धा-पाऊण तास अगदी मंद आच, वरचा थर थरथरला पाहिजे, उसळता कामा नये. तंगड्या आतपर्यंत शिजल्या की बाहेर काढून झाकून ठेवा, वर घालायला मांस तेच. सूप ओल्या मलमलच्या फडक्यातून डावाने गाळा. हाडं पिळू नका, पिळलीत की गढूळ झालंच. साधारण दीड लिटर हातात येईल.

हे सूप आत्ता चाखलंत तर अळणी लागेल. लागू दे. खारटपणा भांड्यात घालायचा नसतो, वाडग्यात घालायचा असतो. त्याचं उद्या लिहितो, आज हात दुखला.

वर्तकनगर_आई

काका, मनापासून आभार. दोनदा वाचलं, आणि एकदा यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चिकनवाल्याला सांगून आले, तो म्हणाला पंजे हवे तेवढे घ्या.

पुढचे प्रश्न. घरात सोया सॉस आहे तो आपण चायनीज भेळेला वापरतो तो, काळा आणि दाट. चालेल का? जपानी कृतींत कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि सुकवलेल्या माशाच्या पापुद्र्यांचं पाणी सांगतात, ते आणायचं कुठून? बाजारात विचारलं, कुणाला नाव माहीत नाही.

चेंदणी_बंदर (ठाणे)

माशाचं मी सांगते, आमच्या घरचाच विषय आहे.

१ जूनपासून मासेमारी बंद असते, पण कोळणीच्या घरात पावसाळ्याची सुकी मासळी आधीच भरून ठेवलेली असते. तुम्हाला हवी ती सुकी मांदेली. जपानी लोक निबोशी वापरतात, तेही असेच बोटभर चांदीसारखे मासे. फरक एवढाच की ते आधी उकडून मग सुकवतात, आपली मांदेली कच्चीच उन्हात पडते. त्यामुळे आपल्या मांदेलीला वास थोडा जास्त. बोंबील आणि जवळा या कामाला घेऊ नका, दोन्ही पुढे पुढे करतात, मग कोंबडी मागे राहते.

घेताना हातात धरून बघा. पाठ चकचकीत हवी, पोट फुटून पिवळं पडलेलं नको. पिवळं म्हणजे तेल खवटलेलं. आणि मीठ न लावलेली मागा, नाहीतर तुमचं मिठाचं गणित बिघडेल. एकेकीचं डोकं मोडा आणि पोटातला काळा भाग नखाने काढा. कडूपणा सगळा तिथे असतो. मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं परता, हातात कुडकुडीत लागली पाहिजे. अशी मूठभर मांदेली पेलाभर थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी ते पाणी गरम करा, कडेला बुडबुडे धरायला लागले की उतरवा आणि गाळा. उकळलंत तर घरभर वास जाईल आणि सासूबाई विचारतील आज काय सुकं केलंस म्हणून.

हे पाणी सगळ्या सूपात ओतू नका. सोया सॉसच्या मिश्रणात तीन-चार चमचे पुरे. खाणाऱ्याला मासा कळता कामा नये, चव मात्र भरून यावी.

सुकी मासळी जांभळी नाक्याला मिळते. नवी मुंबईवाल्यांनी दिवाळे गावात विचारावं.

इंजिनरूम

चेंदणीच्या ताईंनी जे सांगितलं ते मला जपानी बल्लवाने सांगितलं असतं तरी यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. सुक्या मांदेलीचा मी विचारच केला नव्हता, या रविवारी करणार.

त्यामागचं कारण सांगतो, कारण ते कळलं की मग काय बदललं तर चालेल हे आपलं आपल्याला ठरवता येतं. १९०८ साली किकुनाए इकेदा या तोक्योच्या रसायनशास्त्रज्ञांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि कोम्बूच्या पाण्याला येणारी भरीव चव त्याची आहे हे दाखवलं. पुढे दिसून आलं की सुक्या माशांत आणि मांसात इनोसिनेट असतं, सुकवलेल्या शिताके अळंब्यांत ग्वानिलेट असतं, आणि यांतलं कुठलंही ग्लुटामेटबरोबर आलं की चव नुसती मिळवली जात नाही, कित्येक पटींनी वाढते. तुमच्या कोंबडीत इनोसिनेट आहेच. मांदेलीने त्यात भर पडेल. ग्लुटामेट सोया सॉसमधून येतं आणि कोम्बू मिळाला तर त्यातून. कोम्बू आणि शिताके ऑनलाइन मागवता येतात, कोम्बूचा तळहाताएवढा तुकडा मांदेलीबरोबरच थंड पाण्यात टाका. नाहीच मिळाला तर चिमूटभर अजिनोमोटो घाला. इकेदांच्या त्याच शोधातून १९०९ साली ती पूड बाजारात आली, जपानी स्वयंपाकघरात तिचं कुणाला वावडं नाही आणि तुम्हालाही असायचं कारण नाही.

सोया सॉस मात्र बदलाच. चायनीजला वापरतो तो दाट काळा सॉस बहुधा कॅरमेलने रंगवलेला असतो, सूप काळं होईल आणि गोडसर जळका वास येईल. बाटलीच्या मागे घटक वाचा: सोयाबीन, गहू, मीठ, पाणी, एवढंच असलेला, नैसर्गिकपणे आंबवलेला सॉस घ्या. किक्कोमन मोठ्या दुकानांत सहज मिळतो. बाटली महाग वाटेल, पण रामेनमध्ये सोया सॉस हा मसाला नाही, ते अर्धं जेवण आहे.

वाडग्यात घालायच्या या खारट अर्काला तारे म्हणतात. चौघांसाठी १०० मिली सोया सॉस, चार मोठे चमचे मांदेलीचं पाणी, एक लहान चमचा साखर. साखर विरघळेपर्यंत कोमट करा, उकळू नका. हे चार वाडग्यांत सारखं वाटा आणि प्रत्येकात ३०० मिली सूप. अशा सोया सॉसमध्ये मीठ १६ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे एका वाडग्यात ४ ग्रॅम आणि वर थोडं. सव्वा टक्क्याच्या जवळपास खारटपणा येतो. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ असतं, एवढं डोक्यात ठेवलं की अंदाज येतो. नुसतं सूप प्यायला हे जरा खारटच लागेल, पण नूडल्सना मीठ नसतं, त्यांच्याबरोबर बरोबर जमतं. सासूबाईंना रक्तदाब असेल तर त्यांच्या वाडग्यात तारे निम्मा घाला. वेगळा ठेवण्याचा मोठा फायदा हाच, प्रत्येकाचं मीठ वेगळं राखता येतं.

आणि ती कातडी. बारीक कापून कढईत दोन चमचे पाण्याबरोबर अगदी मंद आचेवर ठेवा. पाणी उडून जाईल, चरबी सुटेल, शेवटी कातडी कुरकुरीत होईल. त्यात पातीच्या कांद्याचे दोन तुकडे परतून काढा आणि पिवळं तेल गाळून घ्या. वरणावर तूप असतं तसं हे रामेनवर, वाडग्याला चमचाभर. ते घातल्याशिवाय तुम्हाला आठवतोय तो वास येणार नाही. कुरकुरीत कातडी मीठ लावून तिथेच उभ्या उभ्या खा, ती कुणाला द्यायची गरज नाही.

कोपरखैरणे_२३

नूडल्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

रामेनच्या नूडल्स पिवळसर आणि ताणल्या तर परत येणाऱ्या असतात. हे अंड्यामुळे नाही, क्षारामुळे होतं. जपानी लोक पिठात कानसुई घालतात, त्यात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं. क्षाराने गव्हातले रंगाचे घटक पिवळे दिसायला लागतात आणि पीठ चिवट होतं. आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो, तोही क्षारच. मी आधी तोच घातला होता, पण प्रत्येक दुकानातला पापडखार वेगळ्या तिखटपणाचा निघतो, म्हणून आता खायचा सोडा भाजून वापरते. स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १४० अंशांवर एक तास. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं, १०० ग्रॅमचा ६३ ग्रॅमच्या आसपास उरतो, आणि जो उरतो तो सोडियम कार्बोनेट. हाताला झोंबतो, चमच्यानेच घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत नाव लिहून ठेवा. कपडे धुवायचा सोडा रसायनाने तोच असला तरी तो खाण्यासाठी केलेला नसतो, त्याला हात लावू नका.

चौघांना ४०० ग्रॅम मैदा, १५० मिली पाणी, ४ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम हा भाजलेला सोडा. मीठ आणि सोडा आधी पाण्यात पूर्ण विरघळवा. पीठ मळलं जाणार नाही, भुगाच होईल, आणि तसाच हवा. पाणी वाढवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत दाबून एक तास ठेवा, मग पायाने तुडवा. खरंच, पिशवीवर टॉवेल टाकून. पुन्हा अर्धा तास झाकून ठेवा. पास्ताचं हाताने फिरवायचं यंत्र असेल तर काम सोपं. मी शेवेच्या सोऱ्यातून काढायला बघितलं, इतकं घट्ट पीठ त्यातून उतरत नाही. यंत्र नसेल तर लाटून, कॉर्नफ्लोअर भुरभुरून, घडी घालून सुरीने कापा. जाड-बारीक होतील, चवीला फरक पडत नाही.

पण ताई, पहिल्याच वेळेला आणि ठरलेल्या दिवशी हे सगळं अंगावर घेऊ नका, असं माझं मत आहे. बाजारातल्या साध्या हक्का नूडल्स घ्या, लिटरभर उकळत्या पाण्यात दोन लहान चमचे खायचा सोडा घालून त्यात शिजवा. सोडा घातला की पाणी एकदम वर येतं, म्हणून भांडं मोठं घ्या. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढा, गरम पाण्याचा एक हबका मारा म्हणजे साबणासारखी चव जाते, आणि झारा आपटून आपटून निथळा. पाणी राहिलं तर काकांचं सव्वा टक्क्याचं गणित पाण्यात जाईल.

वर्तकनगर_आई

हक्काच घेते. हाताच्या नूडल्स श्रावणानंतर.

शेवटचं विचारते. रविवारी दुपारी तिला केंद्रावरून आणायला मी जाणार, म्हणजे संध्याकाळी हाताशी तासभरच असेल. आदल्या दिवशी काय काय करून ठेवलं तर चालेल? आणि अर्धं उकडलेलं अंडं कसं करायचं? तिला ते फार आवडतं.

इंजिनरूम

नूडल्स उकडणं सोडून सगळं शनिवारी करा. सूप आदल्या दिवशीचं असलं तर उलट बरं. गाळल्यावर पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर थंड करा आणि फ्रीजमध्ये टाका. पावसाळी हवेत ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही, असं सूप जंतूंनाही आवडतं. सकाळी त्याची थरथरती वडी झालेली दिसेल आणि वर चरबीचा पिवळा थर. तो थर चमच्याने अलगद उचलून कातडीच्या तेलात मिसळा. तळाशी गाळ बसला असेल तर तो भाग मागे ठेवा. वडी झाली नाही तर पंजे कमी पडले असं समजा, चव तरीही चांगलीच असेल. गरम करताना पुन्हा मंदच, वाफाळलं की पुरे.

अंडी फ्रीजबाहेर तासभर ठेवा, उकळत्या पाण्यात चमच्याने सोडा, साडेसहा मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. सोलून एक भाग सोया सॉस, दोन भाग पाणी आणि थोडी साखर यांत रात्रभर फ्रीजमध्ये. बलक मधासारखा राहतो. सासूबाईंचं अंडं मात्र पूर्ण उकडा, वयस्कर माणसांनी कच्चा बलक टाळलेला बरा.

तंगड्यांचं मांस हाडावरून सोडवून जाड कापा आणि वाढण्याआधी चमचाभर गरम सूपात बुडवून घ्या, म्हणजे फ्रीजचा गारठा वाडग्यात उतरणार नाही. पातीचा कांदा अगदी बारीक चिरून थंड पाण्यात ठेवा. नोरीचा (समुद्री शेवाळाच्या सुक्या पापुद्र्याचा) तुकडा मिळाला तर घाला, नाहीतर अडत नाही. कोथिंबीर घालू नका, ती सगळ्यावर चढते.

वाढताना चौघांना आधी बसवा. वाडगे उकळत्या पाण्याने तापवून पुसा. तारे, तेल, त्यावर सूप, मग नूडल्स, मग बाकीचं. चार वाडगे एकटीने भरायचे तर दोन-दोन करा, नूडल्स थांबत नाहीत. खायला सुरुवात करायला कुणी कुणासाठी थांबू नका, जपानमध्येही कुणी थांबत नाही.

आणि कुकर धुताना झाकणाची रबरी रिंग काढून व्हिनेगरच्या पाण्यात घाला, मग रात्रभर वाऱ्याला वेगळी सुकवा. चिकनचा वास सगळ्यात जास्त तीच धरते आणि सोमवारच्या डाळ-भाताला लागतो. शिट्टीचं भोकही सुईने मोकळं करून उजेडात धरून बघा. चरबीचं सूप शिजल्यावर तिथे थर बसतो, आणि तो कुठल्याही बॉयलरवर चालत नाही.